उणकलच्या गच्चीचा उतार

अप्पा, उणकलच्या त्या घराची गच्ची गेल्या आठवड्यात पुरी झाली. तळ्याकडच्या बाजूचं घर. आपण तिथं काम केलं तेव्हा त्याच्या मागं ज्वारीची शेतं होती आणि कामाला लागणारं पाणी आपण शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर आणायचो. आता चारी बाजूंनी तीन-तीन मजले उठलेत, तळं कुठूनच दिसत नाही, आणि मी कागदावरचा पत्ता घेऊन फाटकात उभी राहिले तरी मला घर ओळखू आलं नाही. ओळखलं ते वर गेल्यावर. ते पुढं सांगते. आधी माझं सांगते, कारण तू गेलास तेव्हा मी दुसऱ्याच्या हाताखाली घमेली उचलत होते, आणि पुढं माझं काय होईल याची काळजी तू शेवटपर्यंत करत होतास.

माझं बरं झालं. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि मी अजून काम करते. माझ्याकडं चार बायका आहेत, चौघीही आपल्या अळणावरच्या बाजूच्या. सकाळच्या गाडीनं हुबळीला येतात, जसे आपण यायचो. आम्ही नवं घर बांधत नाही. जुन्या घरांच्या गच्च्या वाचवतो, उन्हापासून आणि पाण्यापासून. गच्ची खरवडून धुवायची, भेगा उकरून भरायच्या, कठड्याच्या मुळाशी गोलाई द्यायची, आणि मग वर पांढरा लेप चढवायचा. तो डब्यातून येतो, दह्याइतका घट्ट असतो, आणि वाळला की रबरासारखा ताणला जातो. ऊन-पावसानं स्लॅब फुगला-आकसला तरी फाटत नाही, आणि पांढरा असल्यामुळं ऊन अंगावर घेत नाही. तू नक्की हसला असतास. तुझ्या लेखी गच्ची म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर चुना-सिमेंट, आणि लाकडी थापट्यांनी दिवसभर बडवत बसलेल्या बायकांची ओळ. रंग मारून पाणी अडवायचं म्हटलं असतं तर तू बिडी विझवून म्हणाला असतास, "रंग दाराला मारत्यात गं."

आज दुपारपासून पाऊस धरून आहे. काम बंद. बायकांना लवकर घरी पाठवलं, आणि स्वैपाकघरात बसून कामाच्या वहीत हे लिहायला घेतलंय. वहीच्या मागच्या बाजूनं लिहितेय, कारण पुढची पानं गच्च्यांच्या मापांनी भरलीत.

तुला आठवतं का, मला कामावर घेतलंस ते कसं? तुझा जोडीदार गुडघ्यानं बसला आणि शिडी चढेना झाला. दुसरा माणूस मिळेना. मी दहावी होऊन घरी बसले होते, म्हैस बघत होते. तू आईला म्हणालास, "हिला नेतो चार दिवस." आईनं भाकरी थापता थापता नुसतं वर बघितलं. चार दिवसांची चार वर्षं झाली. पहिले सहा महिने मी फक्त वाळू चाळली. मग एके दिवशी विद्यानगरात, कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या एका घरावर, तू माझ्या हातात थापी दिलीस आणि म्हणालास, कोपऱ्याची गोलाई तू कर. मला आनंद झाला होता आणि घाईही झाली होती. कोपऱ्यात जुना माल पडला होता, सैल, धुळीनं भरलेला. तो काढायचा सोडून मी त्याच्यावरच नवा माल दाबला, थापीनं गुळगुळीत केला, आणि लांब होऊन बघितलं तर अगदी तुझ्यासारखं झालं होतं. तू आलास. बोटानं टकटक केलंस. एकदा, दोनदा. मग थापीच्या मुठीनं सगळं फोडून टाकलंस, मालक खुर्ची टाकून बसला होता त्याच्यासमोर. मी म्हटलं, "दिसत तर न्हाई ना अप्पा." तू आवाज चढवला नाहीस. "मालक कोपऱ्यात वाकून बघणार न्हाई," म्हणालास, "पाणी बघतंय. परत कर." मी रडत रडत परत केलं. तू शेजारी उकिडवा बसून राहिलास, पण हात लावला नाहीस. संध्याकाळी स्टेशनच्या बाहेर आपण मिरची भजी खाल्ली, आणि तू तुझ्या कागदातली दोन माझ्या कागदात सरकवलीस. त्या रागाबद्दल तुझ्याकडून एवढंच आलं, आणि मला ते पुरलं.

आणि तो शर्ट. साडीवर घालायला बायका नवऱ्याचे नाहीतर बापाचे जुने शर्ट आणतात. मीही तुझा, कोपरात विरलेला घालत होते. त्या दिवाळीच्या आधी तू मला दाजीबानपेठेत नेलंस. कापडाचं दुकान, आपल्यासारखंच मराठी बोलणारे सावकार, गादीवर बसलेले. त्यांना वाटलं लग्नाची साडी. त्यांनी दोन शालू उलगडलेसुद्धा. तू म्हणालास, "शर्ट दावा. जाड कापडाचा. लांब बाह्या." त्यांनी विचारलं, "कुणासाठी?" आणि तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "माझ्या गवंड्यासाठी." सावकारांनी इकडं-तिकडं बघितलं, दुकानात गवंडी दिसेना. मी मात्र त्या दिवशी एक वीत उंच झाले. खाकी रंगाचा होता. तो घालूनच मी उणकलच्या घरावर काम केलं.

आता त्या घराचं सांगते. चैत्र लागला तेव्हा फोन आला. म्हाताऱ्या बाई, कन्नडमधून बोलत होत्या. आवाजावरूनच कळलं शाळेत शिकवलेलं असणार. गेले. दारात त्याच उभ्या, पांढरी साडी, पाठ ताठ. "बर्री, कूड्री," म्हणाल्या, या बसा, आणि बसू न देताच मला स्वैपाकघरात घेऊन गेल्या. इकडं शिक्षिकेला अक्कोर म्हणतात, तसं मीही त्यांना अक्कोर म्हणू लागले. ओट्याच्या वरचं छत उघडं पडलं होतं. हातभर गिलावा निखळून खाली आला होता आणि आतली सळई गंजून पापुद्रे धरून दिसत होती. अक्कोर रोज सकाळी त्याच जागी उभ्या राहून भाकरी करतात. ते पडलं त्या दिवशी फोन वाजला म्हणून बाहेरच्या खोलीत गेल्या, आणि मागं धाडकन आवाज झाला. तवा वाकला. त्यांनी मला तो वाकलेला तवा दाखवला, भिंतीला उभा करून ठेवलेला. म्हणाल्या, "माझे जावई म्हणतात, झालं तेवढं पुरे, हे घर बिल्डरला द्या आणि बंगळूरला आमच्याकडं या. त्यांचं चुकत नाही. मी पण त्यांना सांगितलंय, या पावसात स्वैपाकघर कोरडं राहिलं नाही तर मी येते. राहिलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता तुमच्यावर आहे."

एवढं कुणी माझ्यावर टाकलं नव्हतं, अप्पा. लोक म्हणतात, गळायचं थांबवा. ही बाई म्हणत होती, मला माझ्या घरात राहू द्या.

वर गेले. माझ्या आधी दोन वर्षांत दोघा मेस्त्रींनी लेप मारून ठेवला होता आणि दोन्ही थर फुगून आले होते, भाजलेल्या पापडासारखे. पायानं दाबलं की फुगा फुटायचा आणि खाली पाणी. ओल्या कोब्यावर लेप मारला की हेच होतं. आतलं पाणी उन्हानं वाफ होऊन वर येतं आणि लेप उचलून टाकतं. गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाईपाच्या तोंडाशी मी खरवडणीनं खरवडायला घेतलं. आधी लेप निघाला, मग काळं शेवाळ, मग जुना सिमेंटचा थर. आणि त्या थरात, तोंडाच्या डाव्या अंगाला, तीन बोटांचे ठसे. मधलं बोट आखूड. कापणीयंत्रात गेलेलं तुझं बोट, अप्पा. काम पुरं झालं की ओल्या सिमेंटात तू तीन बोटं उमटवायचास. सही येत नव्हती म्हणून नव्हे, यायची तुला. तुला बोटं उमटवायला आवडायचं. मी तिथंच बसले. ऊन डोक्यावर होतं, गच्ची तापून भाकरीच्या तव्यासारखी झाली होती, आणि मी माझी तीन बोटं त्या खळग्यांत घालून बसले होते. मधलं बसेना.

खाली येऊन अक्कोरांना विचारलं, हे घर बांधलं तेव्हा गच्ची कुणी केली? त्या म्हणाल्या, "नाव नाही आठवत. अळणावरचा मेस्त्री होता, मराठी. एक बोट तुटलेलं. कमी बोलायचा. त्याच्याबरोबर एक पोरगी असायची, पुरुषाचा शर्ट घातलेली."

"ती मीच, अक्कोर. ते माझे अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडं नीट बघितलं. मग चहा ठेवला. चहा देताना म्हणाल्या, "त्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा तुझे वडील आले होते. डोक्यावर पोतं घेऊन, भिजत. गळतंय का, विचारायला. मी म्हटलं नाही. तरी स्वैपाकघरात येऊन वर बघत उभे राहिले. दोनदा आले असे." मला हे माहीत नव्हतं. तू मला कधीच सांगितलं नाहीस. त्या दिवसांत आपलं काम धारवाडला चाललं होतं, म्हणजे तू मला घरी पाठवून, एकटा, वाट वाकडी करून तिथं गेला होतास.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर चार ठिकाणी प्लॅस्टिकचे तुकडे पट्टीनं घट्ट चिकटवले. हे मी पुढं शिकले, तुझ्या वेळेला नव्हतं. सकाळी तुकडा उचलायचा. खालच्या बाजूला घाम धरला असेल तर स्लॅब अजून ओला आहे, लेप मारायचा नाही. सकाळी जावई आले होते. भला माणूस, पण त्यांना दोन दिवसांत परत जायचं होतं आणि वळवाचे ढग रोज चारनंतर जमत होते. म्हणाले, "मेस्त्री, आज हवा कोरडी आहे. आज मारून टाका. उद्याचा भरवसा नाही." मी चारही तुकडे उचलून दाखवले. सगळ्यांना खालून पाण्याचे थेंब. म्हटलं, "यावर मारलं तर यंदा टिकेल, पुढच्या उन्हाळ्यात परत फुगेल. आधीच्या दोघांनी हेच केलं. मी नाही मारणार."

"मग किती दिवस?"

"आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधायला पाहिजे. मग दुरुस्ती. मग वाळवण. तीन आठवडे तरी."

"तोवर पाऊस आला तर?"

"झाकीन. पण ओल्यावर मारणार नाही."

ते चिडले. म्हणाले, हुबळीत लेप मारणारे पन्नास जण आहेत. मी म्हटलं, आहेत की, बोलवा. आणि खरंच खरवडणी पिशवीत घातली. हे काम सोडून जायला जिवावर आलं होतं, बोटं वर होती तुझी. पण ओल्यावर लेप मारून तुझ्या बोटांच्या शेजारी पुन्हा पापड करायचा, ते मला जमणार नव्हतं. अक्कोर दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी जावयाला कन्नडमध्ये, वर्गात बोलल्यासारखं सांगितलं, "ती म्हणते तसं होऊ दे. मी थांबते. मला सवय आहे." जावई खाली गेले. मी खरवडणी पुन्हा बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी नळी लावून गच्चीवर पाणी सोडलं आणि कठड्यावर बसून बघत राहिले. तूही असंच बघायचास, गुडघ्यावर हात ठेवून, पाणी काय करतंय ते. पाणी अर्ध्या गच्चीपर्यंत नीट पाईपाकडं गेलं. आणि उरलेलं, जिन्याच्या बाजूचं, हळूहळू उलटं फिरलं आणि कोपऱ्यात जाऊन थांबलं. बरोब्बर स्वैपाकघराच्या वर. घोट्याएवढं नाही, बोटाच्या पेरभर, पण इतकी वर्षं, प्रत्येक पावसात, तिथं थांबत आलेलं. तुझा कोबा इतका दाट बडवलेला होता की पहिली वीस-पंचवीस वर्षं त्यानं ते पाणी आत जाऊ दिलं नाही. मग उन्हानं एक भेग पडली, आणि तेवढी पुरली. उतार चुकला होता. लेपानं उतार सुधारत नाही. कितीही चांगला लेप असो, त्याच्यावर पाणी उभं राहिलं की कधी ना कधी तो हरतो.

अक्कोर वर आल्या होत्या, जावईही मागोमाग. अक्कोरांनी विचारलं, "हे असं उलटं का?" मी म्हटलं, "उतार चुकलाय. तेव्हाच." "कुणाचा?" मी पाण्याकडं बघत म्हटलं, "माझ्या अप्पाचा." जावयांनी वाकून त्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. मग म्हणाले, "स्वतःच्या वडिलांची चूक अशी उघड सांगणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय." त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. बंगळूरला जाताना माझा नंबर घेतला आणि म्हणाले, तुम्हाला पाहिजे तेवढा वेळ घ्या.

मग आम्ही कामाला लागलो. कोपऱ्यापासून गच्चीच्या मध्यापर्यंतचा तुझा कोबा फोडायला लागणार होता. छिन्नी पहिल्यांदा मी मारली. का, ते बायकांना सांगितलं नाही. इतका टणक होता की चौघींना तीन दिवस लागले. त्यातली सगळ्यात थोरली, अळणावरजवळच्याच एका खेड्यातली, छिन्नीवर हातोडा घालता घालता म्हणाली, "अक्का, ह्यो कुणी केलावता? असला माल आता कोण करतंय?" मी म्हटलं, कर गं, तोंड बंद ठेव, धूळ जाईल. डोळ्यांत गेली होती माझ्या. खाली स्वैपाकघरात आम्ही सळईचा गंज तारेच्या ब्रशानं उघडा लोखंडी रंग येईस्तोवर घासला, वर गंज अडवायचा लेप दिला आणि छत पुन्हा बांधून घेतलं. अक्कोरांनी तेवढे दिवस व्हरांड्यात शेगडीवर स्वैपाक केला आणि आम्हा पाचजणींना रोज भाकरीबरोबर एण्णेगाई, भरली वांगी, वाढली. नको म्हटलं तर ऐकायच्या नाहीत.

वर नवा कोबा घातला, उतार पाईपाकडं. सात दिवस ओली पोती टाकून पाणी पाजलं, मग वाळायला सोडलं. पाजायचं आणि मग वाळवायचं, यातच सगळा जीव जातो. वाळायला लागलं तर वळीव यायचा. तीनदा आला. ढग उणकलच्या तळ्याच्या बाजूनं वर चढताना दिसायला लागले की आम्ही ताडपत्री ओढून कडेला विटा ठेवायचो, आणि पाऊस गेला की लगेच काढायचो, आत घाम धरू नये म्हणून. तिसऱ्या वेळी वारा असा सुटला की ताडपत्रीनं एकीला गच्चीवरून उचलायचंच बाकी ठेवलं; आम्ही पाचही जणी ताडपत्रीवर पालथ्या पडलो, गारा पाठीवर घेत, आणि हसत होतो. रोज संध्याकाळी प्लॅस्टिक चिकटवायचं, रोज सकाळी उचलायचं. थेंब. थेंब. एका सकाळी नुसता धूसर श्वास. आणि दोन दिवसांनी चारही तुकडे कोरडे. मी ते उन्हात धरून बघितले, बोट फिरवून बघितलं. मग म्हटलं, डबे उघडा.

पहिला हात पातळ करून, कोब्यानं पिऊन घ्यावा म्हणून. सांध्यांवर आणि गोलाईवर जाळी. मग एक हात पूर्व-पश्चिम, तो वाळल्यावर दुसरा दक्षिण-उत्तर, कुठं राहून जाऊ नये म्हणून. गोलाई मीच केली, सगळ्या कोपऱ्यांची. बोटानं टकटक करून. पाईपाच्या तोंडाशी आले तेव्हा तुझी तीन बोटं होती. ती उघडी ठेवली तर पाणी तिथून शिरणार. थोडा वेळ ब्रश तसाच धरून बसले, आणि मग त्यांच्यावरून लेप फिरवला. तू उघडी ठेवू दिली नसतीस.

काम झालं त्या दुपारी अक्कोर वर आल्या, चप्पल जिन्यात काढून. मी ओरडले, पाय भाजतील म्हणून. त्या भर बारा वाजता पांढऱ्या गच्चीवर अनवाणी उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हात धरून. "नाही भाजत," म्हणाल्या. खालच्या खोलीत गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, पंख्याचा वारा आज वाऱ्यासारखा लागतोय. आणि परवा रात्रभर पाऊस पडला. सकाळी त्यांचा फोन आला. पलीकडून त्या म्हणाल्या, "भाकरी करतेय. वर बघत बघत करतेय. कोरडं आहे." मग म्हणाल्या, "जावयांना कळवलं. विषय संपला." माझ्या बायकांना सांगितलं तर थोरलीनं ब्रशच्या दांड्यानं बादली वाजवली.

अक्कोर राहतात त्या घरात, अप्पा. हेच तुला कळवायचं होतं. तुझा कोबा होता म्हणून घर इतकी वर्षं उभं राहिलं आणि आता माझ्या लेपानं पुढची काढेल, असं काहीतरी लिहून वही मिटायची असं ठरवून बसले होते. चार पानं झाली तरी मिटवत नाही.

उतार काढायला तेव्हा आपल्याकडं पाण्याची नळी होती. पारदर्शक, लांब. एक टोक तुझ्या हातात पाईपाजवळ, दुसरं माझ्या हातात जिन्याच्या कोपऱ्यात. दोन्हीकडं पाणी सारख्या उंचीला उभं राहतं, त्यावरून कठड्यावर खडूनं खूण करायची आणि त्या खुणेवरून उतार धरायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं. मग नळी रिकामी करून पुन्हा भरायला लागते, सावकाश, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. त्या दिवशी संध्याकाळ होत आली होती. अळणावरची गाडी चुकली असती तर स्टेशनवर तिष्ठत बसायला लागलं असतं, आणि मला भूक लागली होती. तू तिकडून ओरडलास, "बुडबुडा हाय का बघ." मी म्हटलं, "न्हाई, अप्पा." तू म्हणालास, "मार खूण." मी मारली.

जावयानं माझं कौतुक केलं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. अक्कोरांना मी या आठवड्यात जाऊन सांगणार आहे, स्वैपाकघर बघायला जायचंच आहे. हे पान मात्र कुणाला दाखवायचं नाही, तुझ्यापर्यंत तर ते पोचणारही नाही. पण त्या कोपऱ्याची खूण माझी होती. तू त्या घरी दोनदा भिजत गेलास, वर बघत उभा राहिलास, आणि घरी येऊन मला एका शब्दानं विचारलं नाहीस.

बुडबुडा होता, अप्पा. मला दिसला होता.